लूव्हेनियाने दिलेली ओळ

हार्लन क्रॉसिंग, अलाबामा
१२ जुलै १९७१

चि. लूव्हेनिया हिस ओडेसाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक, फक्त उकाडा ठीक नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आपल्या सायलोम चर्चमध्ये घरी परतण्याचा दिवस. शिकागो-डेट्रॉइटला गेलेले सगळे येतील, झाडांखाली टेबलं मांडून पंगती होतील. यंदा तू गाशील का, असं रेव्हरंड पिटमननी विचारलं. मी आधी जरा भाव खाल्ला आणि मग हो म्हणून टाकलं.

न्हाव्याच्या दुकानात तुझा फोटो आता आपल्या गावच्या बॉक्सरच्या वर लागलाय. त्याची आई माझ्याशी बोलत नाही. हेझेकायाकाकांचा आवाज चिरकायला लागलाय, पण भजनाची ओळ अजून तेच देतात. त्यांनी एक ओळ म्हणायची आणि मग सगळ्या चर्चने ती उचलून लांबवत गायची. हा मान ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत, बायकांना तर नाहीच.

येतेस ना? दोन ओळी लिही.

तुझी,
ओडेसाताई


लॉस एंजेलिस
१७ जुलै १९७१

ति. ओडेसाताईस लूव्हेनियाचा सा. न.

हे पत्र वाचून फाडून टाक. माझ्या आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात. ऑगस्टअखेरीस शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. दमले आहे असं सांगून सगळे कार्यक्रम थांबवलेत. गेल्या महिन्यात गाताना आवाज फाटला आणि भरलेलं थिएटर एकदम गप्प झालं. ती शांतता अजून कानातून जात नाही.

सोळाव्या वर्षापासून मी गाण्याशिवाय काही केलेलं नाही. लोक रस्त्यात थांबवतात, माझा हात हातात घेऊन रडतात. ते सगळं त्या आवाजाचं. तो गेला तर लूव्हेनिया टिलरी म्हणजे कोण, हे मला खरंच माहीत नाही, ताई. रेव्हरंडना नाही म्हणून सांग.

माया असू दे,
लूव्हेनिया


हार्लन क्रॉसिंग
२३ जुलै १९७१

चि. लूव्हेनियास अ. आ.

पत्र चुलीत घातलं. मग तिथेच बसून राहिले.

रेव्हरंडनी तुझं नाव छापून गावभर लावलंय, आता ते काही निघत नाही. पण तू ये. घसा बसलाय एवढंच मी सगळ्यांना सांगते. माझ्याशेजारी बसायचं, वारा घ्यायचा, तळलेली कोंबडी आणि भेंडी खायची.

आणि गात नव्हतीस तेव्हा तू कोण होतीस, ते मला ठाऊक आहे. धुणं वाळत घालायच्या वेळी नेमकं पोट दुखणारी पोर. तीही मला आवडायची.

वाट बघणारी,
ओडेसाताई


बर्मिंगहॅम विमानतळ, अलाबामा
९ ऑगस्ट १९७१

ति. ताईस सा. न.

न सांगता निघून आले, रागावू नकोस.

तू सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस, कुणी आग्रहही केला नाही. पण ती म्हातारी मंडळी इतक्या कौतुकाने बघत होती की मला बसवेना. आईचं आवडतं भजन, एवढं तरी जमेल असं वाटलं. पहिली ओळ कशीबशी म्हटली आणि तिच्या शेवटाला आवाज फाटला. क्षणभर सगळं गप्प. आणि मग अख्खं चर्च उठून तीच ओळ गाऊ लागलं. माझी लाज झाकायला! मला ते सोसवेना. मागच्या दाराने बाहेर पडले. थिएटरातली शांतता परवडली, पण आपल्या माणसांची दया नको, ताई.

तुझी,
लूव्हेनिया


हार्लन क्रॉसिंग
१६ ऑगस्ट १९७१

चि. लूव्हेनियास अ. आ.

दया? अगं, वेडी का खुळी तू? शहरात राहून सगळंच विसरलीस?

तुझा आवाज फाटला हे माझ्याशिवाय कुणाला कळलंच नाही. तू एक ओळ म्हणून थांबलीस. त्यांना वाटलं, तू ओळ दिलीस, म्हणून त्यांनी ती उचलली. उचलून झाल्यावर पुढची ओळ कधी येते म्हणून सगळे तोंडं उघडी ठेवून उभे, आणि बाईसाहेबांचा पत्ता नाही! शेवटी हेझेकायाकाकांना उठावं लागलं. ओळ द्यायची आणि पळून जायचं ही कुठली रीत, म्हणून ते जेवणभर धुसफुसत होते. बाईने ओळ दिली याचा राग आणखी वेगळा.

बेउलामावशी मात्र त्यांच्या तोंडावर म्हणाली की ओळ द्यावी तर अशी, खरखरीत. फार गोड गळ्याने दिली की लोक नुसते ऐकत बसतात, गात नाहीत. काकांनी हात धुताना मला हळूच विचारलं की पुढच्या वर्षी तरी ही पोर शेवटपर्यंत थांबेल का.

तुझ्या सगळ्या रेकॉर्डी माझ्याकडे आहेत आणि मी त्या जपून ऐकते. तुझ्यासारखं गाणारी मी पाहिलेली नाही. पण तुझ्या गाण्याबरोबर तोंड उघडायची मला कधी हिंमत झाली नव्हती. त्या दिवशी मी इतक्या मोठ्याने गायले की दुसऱ्या दिवशी माझाच घसा बसला.

काकांना काय सांगू, ते कळव.

तुझी,
ओडेसाताई


लॉस एंजेलिस
३ सप्टेंबर १९७१

ति. ताईस सा. न.

शस्त्रक्रिया पार पडली. बोलायला बंदी आहे. आवाज कसा निघतो ते पुढच्या महिन्यात बघणार. जो निघेल तो. काकांना सांग, थांबेन.

इथे हॉस्पिटलात मी नवऱ्याच्या आडनावाने दाखल आहे, त्यामुळे मला कुणी ओळखत नाही. काल चादर बदलताना नर्सने रेडिओ लावला तर माझंच गाणं. ती हातातली उशी तशीच धरून उभी राहिली. मला सांगायला लागली की ही बाई आमच्या दक्षिणेकडची, हिच्या तोडीची दुसरी नाही. आवाज वाढवू का, असं तिने विचारलं. मी मान हलवून हो म्हटलं.

वाटलं, आता रडू फुटणार. नाही फुटलं. आजवर स्वतःचं गाणं ऐकलं ते चुका काढायला. काल पहिल्यांदा नुसतं ऐकलं, दुसऱ्या कुणाचं ऐकावं तसं.

ताई, चांगली गाते गं ती.

आहे तशीच माया राहू दे,
लूव्हेनिया