दिव्याखालची दुपार

प्रिय बेबी,

चिंगी सुखरूप आहे. हे वाक्य दोनदा वाच आणि मगच पुढे जा. मुलाखत छान झाली, हॉटेल छान होतं, मावशीने खाऊ घालून घालून जीव नकोसा केला, एवढं तिने तुला सांगितलंच असेल. ते सगळं खरं आहे. एक गोष्ट मात्र तिने गाळली, आणि मलाही गाळायला लावत होती.

कॉलेजने मुलाखत परगावी ठेवली होती, म्हणून हॉटेल. तिथे खोली घेताना मी नेहमीसारखं सांगितलं होतं की मला ऐकू येत नाही, तशी खोली द्या. अशा खोलीत आगीचा भोंगा वाजला की छतावरचा दिवा लखलख उघडझाप करतो, म्हणजे माझ्यासारखीला कळतं. चिंगीने आत शिरल्या शिरल्या वर पाहिलं. तिला लहानपणी टीव्हीसमोर आलेली फिट आम्हा दोघींनाही त्याच क्षणी आठवली. मी म्हटलं, खोली बदलून घेऊ. तर माझ्याकडे तोंड करून, मला ओठ नीट दिसावेत अशी सावकाश म्हणाली, "मग तुला कसं कळणार गं? आणि माझ्या गोळ्यासुद्धा बंद झाल्यात की. हॉटेलात काय रोज आग लागते?" आम्ही हसलो. बेबी, मी हसले खरी, पण बॅग उघडताना माझं लक्ष सारखं त्या दिव्याकडे जात होतं.

दुसऱ्या दिवशी मुलाखत आटोपून आम्ही जेवून परतलो. ती पलंगावर लोळत चित्रं चाळत होती, मी न्हायला गेले. डोक्याला साबण लावलेला, आणि एकदम न्हाणीघर पांढरंफटक झालं. मग अंधारल्यासारखं. पुन्हा पांढरं. तिथेही तसलाच दिवा होता. अंगाला पंचा गुंडाळून मी धावले. पोर पलंग आणि कपाटाच्या मधे पडली होती. हातपाय झटकत होती, डोळे वर गेलेले, आणि वरून तो उजेड सपासप तिच्यावर पडत होता. थांबतच नव्हता मेला!

तू सांगून ठेवलंयस तसं मी तिला कुशीवर वळवलं. नाकातोंडाला मोकळं ठेवून डोळ्यांवर तळहात दाबून धरला. तेवढ्यात जळका वास आला. फोन करावा तर पलीकडचं मला ऐकू येणार नाही. ओरडले, पण माझा आवाज फुटला की नाही हेसुद्धा मला कळेना. तिथेच अंधार करून तिच्यापाशी बसावं, की आग असेल म्हणून ओढून बाहेर न्यावं? एवढी घाबरले नव्हते गं मी कधी, कान गेले त्या आजारपणातसुद्धा नाही.

शेवटी अंगावर गाऊन चढवला, तिच्या डोळ्यांवर माझी ओढणी दुहेरी बांधली आणि तिला चादरीवर घेऊन ओढत बाहेर काढलं. बाहेरच्या पॅसेजमध्येही तेच दिवे. समोरच्या खोलीतून एक धिप्पाड गृहस्थ निघाले, अर्धी दाढी झालेली, अर्ध्या तोंडाला फेस. ते काहीतरी विचारत होते, पण फेसात ओठच दिसेनात. मी कानाकडे बोट केलं, मग चिंगीकडे. त्यांनी लेकरासारखी उचलली तिला आणि जिना उतरले.

आग नव्हतीच. स्वयंपाकघरात कढई करपली होती. बाहेर हिरवळीवर चिंगीचं अंग हळूहळू सैल पडलं. डॉक्टर आले, तपासून गेले. शुद्धीवर आल्यावर माझ्या साबणाच्या केसांकडे बघत म्हणाली, "मावशी, काय ध्यान दिसतेयस!" आणि मग रडू लागली. आईला सांगू नकोस, ती मला कॉलेजलाच पाठवणार नाही, असं म्हणत राहिली.

बेबी, तिला कॉलेजला पाठव. गोळ्यांचं डॉक्टरांना पुन्हा विचार, पण पाठव. कॉलेजसाठी चिंगीने माझ्याकडे राहायला कधी यावं, असं तू विचारलंयस, म्हणून हे लिहायला बसले. माझ्या घरात दाराची घंटा, फोन, आगीची सूचना, सगळं लखलखत्या दिव्यांवर चालतं. हॉटेलातून आल्यावर मी ते बंद करून पाहिले. शेजारीण दार ठोठावून परत गेली, आणि दूध करपून धूर डोळ्यांत गेला तेव्हा कुठे मला कळलं. दिवे नसले तर मला भीती, असले तर तिला. तिची खोली मी रंगवून घेतली होती, पडदे तिनेच निवडले होते. तरी तिची सोय हॉस्टेलवर कर. फक्त मावशी नको म्हणाली, असं तिला सांगू नकोस. मावशीला जमत नाही, असं सांग.

तुझीच,
ताई