वळचणीचा बर्फ

१३ जाने., मंगळ.
सकाळी -१४. मागच्या दारावरच्या पन्हळीत पुन्हा बर्फ. हीटरची केबल लावून महिना झाला, तरी! लाल दिवा रोज संध्याकाळी घरी आल्यावर स्वतः बघते, चालू असतो. घरातल्या उबेनं छपरावरचा बर्फ वितळतो, खाली वळचणीला येऊन परत गोठतो. एवढं कळायला पीएच.डी. लागत नाही. मला आहे, आणि काही उपयोग नाही.

इथे बहुतेक घरांना पन्हळ नसतेच. ही सासऱ्यांनी हौसेनं बसवलेली, सासूबाईंच्या लोणच्याच्या पिंपावर पागोळ्या गळू नयेत म्हणून. ते गेले. सासूबाई रोज सकाळी त्याच दारातून पिंपातला मुळा काढायला जातात. वय ८१.

१७ जाने., शनि.
माजघराच्या छतावर ओला डाग, ताटाएवढा. सासूबाई म्हणाल्या, "सुगामोरी." बर्फ अडून पाणी छपरातून आत शिरतं, त्याला इथे जपानीत हा खास शब्द आहे. म्हणजे किती घरांत झालं असेल!

नवऱ्याला, केनला, फोन केला. तो लांब तोयोसुच्या ऑफिसात, महिन्यातून एकदा घरी. "केबल वाढव ना." वाढव म्हणे! तू ये, शिडीवर चढ.

२२ जाने., गुरु.
पन्हळीला लोंबणारे बर्फाचे सुळे आता माझ्या दंडाएवढे जाड. त्यांच्या मागे बर्फाची अख्खी लादी, दाराच्या रुंदीची. सासूबाईंना म्हटलं, "ओकासान, आई, मागच्या दारानं जाऊ नका." "हाइ, हाइ." हो हो.
आज सकाळी दाराबाहेर त्यांच्या बुटांचे ताजे ठसे. पिंपापर्यंत आणि परत.

२८ जाने., बुध.
सापडलं! ताप भरल्यासारखं वाटलं म्हणून दुपारीच इन्स्टिट्यूटमधून घरी आले. दिवा बंद. प्लग काढून नीट गुंडाळून ठेवलेला, वर स्वच्छ रुमाल.
मी गेले की सासूबाई काढायच्या, माझ्या यायच्या वेळेला परत लावायच्या. रोज! महिनाभर!
मी चिडले, आवाज चढला. त्या कोतात्सूत, खालून ऊब देणाऱ्या बुटक्या टेबलाच्या रजईत, पाय घालून बसल्या होत्या, मान खाली. मग म्हणाल्या, लहानपणी माहेरचं घर तारेनं पेट घेऊन जळालं होतं. घरात एकटी असताना तार तापत ठेवायला भीती वाटते. "पण तू एवढ्या हौसेनं लावलीस. नको कसं म्हणायचं?"
आणि मी? दिवा चालू असून बर्फ का वाढतोय, हे महिन्यात एकदाही विचारलं नाही. सासूबाईंना जाब कसा विचारायचा म्हणून. दोघी एकमेकींचं मन राखत बसलो आणि डोक्यावर बर्फ वाढत राहिला. लाज वाटली.
प्लग लावला, टेप मारली. केबल दिवसरात्र चालू.

१ फेब्रु., रवि.
छपरावाला येऊन बघून गेला. वर बघून तोंडानं नुसता श्वास आत ओढला. तेव्हाच ओळखलं. केबलनं लादी खालून सोडवत आणली आहे, फक्त कडेनं धरून आहे. "आधीपासून चालू असती तर एवढी झाली नसती. आता बंद केली तरी थंडी कमी झाली की येणारच. दाराजवळ कोणी जायचं नाही." आजच पाड म्हटलं, तर दुसरा माणूस हवा, दोर हवेत. बुधवारी अकराला येतो म्हणाला.
म्हणजे घाई करून मीच... जाऊ दे. केबल बंद केली. दाराला कडी, पुढे खुर्ची.

३ फेब्रु., मंगळ.
आज सेत्सुबुन. भुतं हाकलायची, सुख आत बोलवायचं. इथे सोयाबीनच्या दाण्यांऐवजी सालासकट भुईमुगाच्या शेंगा फेकतात, बर्फातून वेचून खाता येतात म्हणून. सासूबाईंना प्रत्येक दारातून फेकायच्याच होत्या. "मागचं दार सोडलं तर सगळी तिथूनच आत येतील." खूप नाही नाही म्हटलं. शेवटी खुर्ची सरकवली, हातभर दार उघडलं, त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला. "ओनि वा सोतो!" भुतांनो, बाहेर! आवाज अजून खणखणीत आहे. मूठभर शेंगा थेट लादीखाली, पांढऱ्या बर्फावर.
वर कुठेतरी कट् असं वाजलं. दोघींनी ऐकलं. मी दार ओढून घेतलं, कडी घातली, खुर्ची परत लावली.
"सकाळी वेचते," त्या म्हणाल्या. टाकून द्यायचं म्हणजे त्यांना पाप वाटतं.
"अजिबात नाही. छपरावाला वेचेल."
"हाइ, हाइ."

४ फेब्रु., बुध.
सकाळी सातलाच +२. हवा मऊ, सगळीकडून टपटप. रजा घ्यायला हवी होती. इन्स्टिट्यूटमधल्या मशीनची पाळी तीन आठवड्यांनी मिळाली होती, सोडवेना. अक्कल गहाण! निघताना खुर्ची जागेवर होती. सासूबाई पुढच्या दारापर्यंत आल्या, इत्तेराश्शाइ म्हणाल्या, जाऊन ये.

९.४० फोन केला, उचलला नाही. ९.५० नाही. १० नाही. मशीन तसंच सोडून निघाले.

बसमध्ये लिहितेय. तीन स्टॉप राहिले. शेंगांना "हाइ, हाइ" म्हणाल्या, पण प्लगला तरी त्या कधी नाही म्हणाल्या होत्या?

छपरावाल्याचा फोन. लवकर पोचलाय. बेल वाजवतोय, कोणी येत नाही. मागच्या बाजूची लादी खाली आलेली दिसते म्हणतो.
बसमध्ये फोनवर बोलायचं नसतं, सगळे बघतायत. बघू देत. म्हटलं, मागच्या दाराला आतून कडी आहे का ते दार हलवून आधी बघा. कडी असेल तर त्या आत आहेत, बाथरूममध्ये असतील, ऐकू गेलं नसेल.
"थांबा, बघतो."
फोन चालूच आहे. त्याच्या बुटांचा बर्फावरचा आवाज येतोय. घराला वळसा घालून जातोय. आता थांबला.