जप्तीतील तांबडे विरजण

प्रति,
मे. आरोग्याधिकारी साहेब,
म्युनिसिपल कचेरी, सोलापूर यांचे सेवेशी

विषय : जप्त झालेली तांबडी वाटी जिवंत ठेवण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराच्या माजघरात काल झालेला पंचनामा.

महोदय,

१. अर्जदार वेणीमाधवशास्त्री, निवृत्त संस्कृत शिक्षक, याची सविनय विज्ञापना अशी की, सदर वाटीत रक्त नव्हते. तीत रंग होता, व तो रंग करणारे जंतू होते.

२. गतवर्षी नैवेद्याचा झाकून राहिलेला भात तांबडा झाला. अर्जदाराची पत्नी सौ. गोदावरीबाई यांच्या इच्छेवरून शांती केली, पण रंग राहिला. शाळेतील नारायणराव मास्तरांनी त्यातील कण सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला, तेव्हा हा देवाचा कोप नसून सजीव सृष्टी आहे व रुचेल त्या अन्नावर ती रंग धरते, असे समजले.

अर्जदाराने या जंतूंची रुची शोधण्यास आरंभ केला. ज्वारीच्या पेजेवर ते रुसले. उकडलेल्या बटाट्यावर गुलाबी झाले. शेंगदाण्याचे कूट उकळून गाळलेल्या पाण्यावर मात्र जास्वंदीसारखे खुलले. एकदा चुकून चटणीचे कूट वापरले गेले, तेव्हा काहीच उगवले नाही. उन्हाच्या तावात ते वाढतात, पण रंग धरीत नाहीत. म्हणून वाटी पाण्याच्या रांजणाआड असे.

३. हेतू एवढाच. किरमिजी रंग किडे चिरडून करतात असे कळल्यापासून गोदावरीबाईंनी तांबडे रेशीम नेसणे सोडले. जीव न चिरडता रंगविलेले सोवळे देण्याचे अर्जदाराने त्यांस कबूल केले आहे. विणकर मल्लप्पा यांनी एक लड रंगवून पाहिली. रंग पाण्यात टिकतो, उन्हात विटतो. रंगविताना जंतू उकळले जातात त्याचे काय, या प्रश्नावर घरात अद्याप विचार चालू आहे.

४. अलीकडे एके सायंकाळी, दिवे लागल्यावर, शेजारच्या केराबाई विरजण मागण्यास आल्या. गोदावरीबाईंस हल्ली नीट दिसत नाही. शिवाय जुन्यातले थोडे घालून नवे लागते, म्हणून अर्जदार आपल्या वाटीसही विरजणच म्हणतो. त्यामुळे दह्याऐवजी चमचाभर त्या तांबड्या वाटीतलेच दिले गेले. दुसऱ्या दिवशी केराबाई पातेले घेऊन दारात उभ्या राहिल्या. “काकू, तुमच्या इरजनानं दूध इरजलं न्हाय, रगत धरलंय की,” असे त्या म्हणाल्या. गल्ली जमली, तक्रार गेली, निरीक्षकांनी रीतीप्रमाणे एक वाटी मोहोरबंद करून नेली व बाकीची भांडी फिनेलने धुतली. त्यांनी आपले काम चोख केले. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

५. दिवे लागल्यावर विरजण दिले म्हणून हे घडले, असे गोदावरीबाई मानतात. कारण अधू डोळ्यांचे आहे, असे अर्जदाराने परोपरीने सांगितले. त्या इतकेच म्हणाल्या, “दह्याचं मोडलं तर केराबाईकडून आणता येतं. हे कुणाकडून आणू?” काल रात्री त्यांनी दुधालाही विरजण लावले नाही.

६. सबब विनंती की, वाटी उन्हाच्या भिंतीलगतच्या कपाटात नसावी. सोबतच्या कुटाचे पाणी उकळून, निववून, तीत थोडे थोडे घालण्याची शिपायास आज्ञा व्हावी. मेलेली वाटी पुराव्यासही निरुपयोगी ठरेल.

हे कायद्यात बसत नसल्यास वाटी सरकारजमा राहू द्यावी. मात्र शेजाऱ्याने शेजाऱ्यास द्यावे तसे एक चमचा विरजण अर्जदारास मिळावे. दिवे लागण्यापूर्वी मिळावे. अर्जदार रिकामी वाटी घेऊन कचेरीच्या पायरीवर बसला आहे.

आपला आज्ञांकित व वाटीसह हजर,
वेणीमाधवशास्त्री
सोलापूर, चैत्र वद्य पंचमी, शके १८५४

सोबत : शेंगदाण्याचे कूट, एक पुडी. यात मीठ-तिखट नाही. शिपायाने भाकरीबरोबर खाऊ नये.