संथ भागाची दुसरी फेरी

कासलबार, आयर्लंड, ७ ऑक्टो. २००३, मंगळ.
तालीम. गावचा हौशी वाद्यवृंद. मी सेकंड व्हायोलिन, शेवटची खुर्ची. आज सिंफनीचा संथ भाग. रचनाकार ऑस्ट्रियाचा, दोनशे वर्षांपूर्वीचा, एका सरदाराच्या पदरी. नाव जिभेवर बसत नाही, म्हणून घरात 'बुवा'. चाल इतकी साधी की आधी वाटलं, एवढंच? आता भांडी घासताना तीच.
प्रत्येक तुकडा दोनदा. दुसऱ्या फेरीत वर जाताना मी जराशी मींड घेतली. वृंद चालवणारी नोरा थांबली. माझ्यासारखीच निवृत्त शिक्षिका.
"लवली, सुधा. पण लिहिलेलं नाही."

८ ऑक्टो.
ह्यांना सांगितलं. "तीस वर्षं पोरांना 'पुस्तकातलंच लिही' म्हणून दटावलंस. आता भोग."
आमचे नागपूरचे व्हायोलिनचे गुरुजी एकच जागा दोनदा तशीच घेतली की म्हणायचे, "शिळं वाढतेस?" लहानपणचा हात तो.

१४ ऑक्टो., मंगळ.
पुन्हा तेच. मुद्दाम नाही! हात आपला जातो.
नोरानं बाजूला घेतलं. कार्यक्रम १५ नोव्हें.ला. "संथ भागात नुसती बस. बाकीचे तीन भाग वाजव."
"जमणार नाही."
"मग तीन तालमी देते. तिन्हीत सरळ वाजव, नाहीतर बसायचं."
घरी येऊन चहाचा डबा प्रेसमध्ये आपटला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात; 'कपाट' म्हणायचीही सवय गेली.

१९ ऑक्टो., रवि.
लायब्ररीतून सगळ्या वाद्यांची मिळून स्वरलिपीची प्रत आणली. इतके दिवस आमचीच ओळ वाचत होते, मूर्खासारखी. बुवा स्वतःच चाल बदलत जातात! एकदा गंभीर, एकदा धिंगाणा. एके ठिकाणी बासरी वर मनसोक्त फिरते आणि खाली मूळ चाल आम्ही धरायची. म्हणजे बढत त्यांनी आधीच करून ठेवलीय. तंबोराच हलायला लागला तर गाणाऱ्यानं जायचं कुठे?
दोन तास सरळ वाजवलं. कठीण आहे.

२१ ऑक्टो., मंगळ.
सरळ. एकही मींड नाही. नोरा : "ग्रँड." इथल्या भाषेत 'ठीक'. बस, एवढंच.
चहाच्या वेळी चेलोवाला पॅडी : "ती तुमची घसरगुंडी कुठे गेली? मी वाट बघत होतो."
नोरा ऐकत होती. हसू दाबलं तिनं, मी पाहिलं.

११ नोव्हें., मंगळ.
शेवटची तालीम. मधला सुटीचा मंगळवार सोडून तिसरीही सरळ. बसायचं नाही, वाजवायचं! नोरा जाता जाता : "शनिवारी मी सेकंड व्हायोलिनकडे बघणार नाहीये. बासरीला इशारे द्यायचेत."
म्हणजे काय? विश्वास, की मुभा?

१५ नोव्हें., शनि.
सगळ्यांनी काळं घालायचं. संक्रांतीची काळी साडी काढली.
सकाळी स्वैपाकघरात एकदा वाजवून पाहिलं. पहिली फेरी सरळ. दुसऱ्या फेरीत मींड घेतली, तशी ह्यांनी पेपर खाली ठेवला.
"हे लिहिलंय?"
"नाही."
"आणि संध्याकाळी?"
साडीला इस्त्री करायची आहे.