कुंभाराच्या घरचा मांत्रिक

अण्णा, सोमवारी मजकूर द्यायचा आहे आणि मी तुम्हाला लिहीत बसलोय. आजवर माझा एकही मजकूर उशिरा गेलेला नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर लागलेली ती शिस्त नोकरी सुटली तरी सुटली नाही. पण आज सकाळपासून नुसता येरझारा घालतोय. चहा करतो, अर्धा टाकतो, गच्चीवर जातो, परत येतो आणि पुन्हा त्याच एका परिच्छेदापाशी थांबतो. या देशात माणूस मांत्रिक कसा होतो, एवढंच त्यात सांगायचं आहे.

तुम्ही गेल्यावर माझं काम बदललं, ते तुम्हाला माहीत नाही. परदेशातली एक कंपनी खेळाची पुस्तकं काढते. आपण स्वयंपाकघरात बसून खेळायचो, तोच खेळ. एकाने एक देश रचायचा, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. असे देश मी रचतो. योद्ध्याला काय जमतं, वैद्याला काय, चोराला काय, मांत्रिकाला काय, या सगळ्याचे नियम लिहितो आणि ईमेलने पाठवून देतो. त्यावर घर चालतं. हे ऐकून तुम्ही हसला असतात आणि मग शेजारच्यांना अभिमानाने सांगितलं असतंत.

मला ती शनिवारची दुपार आठवते. तुमच्या कारखान्याला सुट्टी. आमचा चौथा गडी आलेला नाही, म्हणून मी तुम्हाला ओढून बसवलंय. गंगापूर रोडच्या मित्राकडे त्याच्या चुलतभावाने अमेरिकेहून आणलेलं नियमांचं पुस्तक होतं, त्यावरून मी माझा देश बेतला होता. वणीच्या रस्त्याला दिसतात तसे सपाट माथ्यांचे डोंगर, खाली द्राक्षांचे मांडव, आणि धरणाच्या तळाशी राक्षस. वीस बाजूंचा फासा नाशकात कुठेच मिळाला नाही, म्हणून एक ते वीसच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात. जास्त आकडा आला तर काम फत्ते, कमी आला तर फसलं. कोण कुठल्या घरात जन्मला, तेही चिठ्ठीवरच.

तुम्हाला कुंभाराचं घर आलं. "बरं," तुम्ही म्हणालात, "मी मांत्रिक होतो."

"नाही होता येणार, अण्णा. त्यासाठी मांत्रिकाच्याच घरात जन्मावं लागतं."

तुम्ही चिठ्ठी खाली ठेवलीत. "हा नियम कोणी घातला?"

"मीच."

"सरकारनं नाय, देवानं नाय. तू?"

"देश खरा वाटायला हवा ना. आणि खेळच तर आहे."

"आरं, सगळा मुलूख तुझ्या हातात हाय. डोंगर तू उभे केले, नद्या तू सोडल्या. कोणी विचारणारा नाय. आन् तुला पयलं हेच सुचलं?"

तुमचा आवाज चढला नव्हता. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, त्याच्याकडे तुम्ही बघितलंही नाही. मीच बघितलं. मला वाटलं, आता तुम्ही उठून जाल. तुम्ही फक्त मांडी बदललीत आणि खेळायला लागलात. तुमची पाळी आली की तुमचं एकच: "मंत्र टाकतो."

"जमणार नाही."

"जमंल का नाय ते डबा सांगंल. चिठ्ठी काढू दे."

मित्र म्हणाला, "काका, तुम्ही आपलं मडकं फेकून मारा ना राक्षसाला."

"मडकंबी मारतो. आधी मंत्र."

आई भाकरी थापता थापता विचारत होती, "मेला का तुमचा राक्षस? ताटं मांडायची हायेत." पुढच्या पाळीला पुन्हा मंत्र, पुन्हा माझा नकार. शेवटी मित्रच वैतागला. "काढू दे ना यार. काका काय सोडत नाहीत." मी डबा पुढे सरकवला. तुम्ही हात पुसलात, डोळे मिटून चिठ्ठी काढलीत. दोन. सगळे हळहळले. मी सांगितलं की मंत्र उलटला, तुमच्या दाढीने पेट घेतला आणि तुम्ही ओढ्यात पडलात. आणि तुम्ही हसत सुटलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पडलो!" आईला सांगत होतात, "पण माझ्या चिठ्ठीनं पडलो!" मी पेन घेऊन तो नियम खोडला. तुम्ही तिकडे लक्षही दिलं नाहीत, भाकरी मोडत होतात.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. तुमचा मांत्रिक अजून त्या ओढ्यातच आहे.

आता त्या परदेशी कंपनीतल्या संपादकाचं म्हणणं असं, की मांत्रिकांची शक्ती घराण्यातून यावी, रक्तातून. खेळणाऱ्यांना घराणी आवडतात. माणूस सज्जन आहे, माझं कौतुक करतो. शेवटी लिहितो, खेळच तर आहे. त्याला समजावून सांगायला दोनदा मेल लिहायला घेतला आणि पुसला. कुठून सुरुवात करणार? याच्यानंतरचं मोठं पुस्तक, एक अख्खा खंड रचायचा, ते माझ्याकडे यायचं आहे, आणि मला ते हवंय. नाही म्हटलं तर दुसरं कुणीतरी लिहील. घराणी त्यात येतीलच.

वर ती दुपार लिहून झाली तेव्हा उठलो आणि तुमचा नियम पाठवून दिला. मंत्र कुणीही टाकावा, डबा सगळ्यांपुढे फिरेल, आकडा कमी आला तर दाढी जळेल. घराण्यांचं मला लिहिता येणार नाही, असंही खाली लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. दर थोड्या वेळाने बघतोय.

पण अण्णा, डेस्कवरची आणखी एक सवय आहे. बातमी ऐनवेळी गळली तर जागा रिकामी राहू नये म्हणून दुसरा मजकूर तयार ठेवायचा. तसा तो तयार आहे, घराण्यांचा. आधी तोच लिहिला होता, काल, एका बैठकीत, कुठेही न अडखळता. मी तो अजून पुसलेला नाही. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, दोन्हींत तोच जास्त चांगला उतरलाय.