शनिवारचं बेरियम

आर्वी, सोमवार, मे १९७८

आई सकाळपासून ओकते आहे. पोटाच्या एक्स-रेआधी दवाखान्यात तिला बेरियम पाजलं, ते पांढरं औषध शनिवारी कालवलेलं होतं. दोन दिवस उन्हाच्या खिडकीत, उघड्या बरणीत. त्याला आंबूस वास होता. मला आला होता तो वास.

एक्स-रेवाल्या रामभाऊला मी विचारलंही. तर म्हणाला, "उरलं होतं बाई, फेकून काऊन द्यायचं? चुन्यासारखं असते ते, खराब होत नाई." बाकावरच्या बाया हसल्या आणि मी गप्प बसले. का बसले?

दुपारी परत गेले. मोठे डॉक्टर खोलीतच होते. मी त्याच बरणीतून ग्लास भरून रामभाऊपुढे धरला. "घ्या. खराब होत नाही ना?"

"मले कायले पाजता, ताई? मी पेशंट आहो का?"

डॉक्टरांनी ग्लास हुंगला आणि सगळी बरणी मोरीत ओतली. रामभाऊचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटावं?

आई म्हणते, "जाऊ दे वं, लेकरंबाळं आहेत त्याले." नाही जाऊ देणार. गुरुवारी फोटो पुन्हा काढायचा आहे. पूड माझ्यासमोर कालवायची आणि पहिला घोट रामभाऊनं घ्यायचा, हे मी डॉक्टरांकडून कबूल करून घेतलंय. तो घोट मी डोळे भरून पाहणार आहे.

पण आज आईच्या ओठांना ग्लास त्यानं लावला नव्हता. मी लावला होता. वर म्हणाले होते, "नाक दाबून पी."