अव्वांच्या ट्रान्झिस्टरमधली कांडी

सोम. २ डिसें. १९७४
मागच्या बोळातल्या कानडी म्हाताऱ्या अव्वांचा ट्रान्झिस्टर उघडला. खरखर होती, साफ केली. नंतर आतली एरियलची काळी कांडी हातातून सुटली. फरशीवर दोन तुकडे. एक टवका सापडलाच नाही. दुकानाचे मालक अण्णा जेवायला गेले होते. कांडी चिकटवली, तारेचं वेटोळं वर सरकवलं. जवळचं सांगली केंद्र स्पष्ट लागलं. सेट देऊन टाकला. अण्णांना बोललो नाही.

बुध. ४ डिसें.
अव्वांचा मुलगा बसाप्पा दुकानात. "म्हातारी म्हणतीया धारवाड लागंना. आमास्नी सांगली झकास येतीया की! तिचं कानच गेलं." अण्णा हसले. मी स्क्रू मोजत बसलो.
जवळचं सांगली कसंही लागतं, लांबचं स्टेशन कांडीच धरते. फुटलेली कशी धरणार?

गुरु. ५ डिसें.
संध्याकाळी अव्वांकडे गेलो. सेट चारी दिशांना फिरवून पाहिला. धारवाड अगदी बारीक, कान टेकल्यावर.
"असू दे तम्मा, पोरा. रेडिओ बरा हाय. माझंच कान ऱ्हायलं न्हाईत." मग म्हणाल्या, "घरात कन्नड बोलाय कोण न्हाय. तेवढंच ऐकत हुते."
सूनबाई चहा घ्या म्हणून त्यांच्या कानाजवळ जाऊन ओरडली. अव्वा दचकल्या.
तेव्हाच सांगायला हवं होतं.

शुक्र. ६ डिसें.
अण्णांना सांगितलं. "फुटली तर फुटली! चार दिवस गप का बसलास रं?" शिव्या दोनच. भंगारातल्या सेटची कांडी त्यांनीच काढून दिली. वेटोळं केसभर सरकवत दोन तास लावले, मेणानं पक्कं केलं. धारवाड खणखणीत.

शनि. ७ डिसें.
सेट पोचवला. अव्वा एकट्याच होत्या. "अव्वा, कान चांगले आहेत तुमचे. कांडी मी फोडली होती."
अव्वांनी धारवाडचं गाणं मोठं केलं. मला वाटलं, माफ केलं.
"हे मला सांगून काय उपेग? उद्या बसाप्पाला सुट्टी हाय. समद्यांच्या म्होरं सांग."

रवि. ८ डिसें.
बसाप्पा चिडला की आवाज बोळाच्या तोंडापर्यंत येतो. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, दोनदा खोडलं. अण्णा म्हणाले, "येऊ का संगं?" नको म्हणालो.
त्यांच्या दारासमोर उभा राहून हे लिहितोय. दार उघडंच आहे. सगळे जेवायला बसलेत. सूनबाई ओरडून विचारते आहे, भाकरी वाढू का. अव्वा दाराकडे बघत आहेत.
वही मिटतो, आत जातो.